निम्म्या पाण्याचे वाफे

"गोजरे, आधी मुक्याला पाज. तुला तोंड हाय, तू मागशील."

हा आवाज बापाचा. नदीच्या कोरड्या पात्रात बापानं झरा खणला होता, आणि लहानगी गोजरी जीभ टाळ्याला चिकटलेली, ओंजळ पुढं करून उभी होती. बापानं तिची ओंजळ बाजूला सारली आणि एक कोकरू मानेला धरून पुढं ओढलं. कोकरू पीत राहिलं, ती बघत राहिली. मग दुसरं आलं, मग तिसरं. तिची पाळी आली तेव्हा पाणी गढूळ झालं होतं. तरी गोड लागलं.

आता गोजरबाईच्या तोंडात थोडेच दात उरलेत, आणि बापाचा चेहरा काही केल्या आठवत नाही. आवाज तेवढा राहिलाय. माणूस जातं, आवाज मागं राहतो, ओसरीला टांगलेल्या घोंगडीसारखा. कुणी पांघरत नाही, कुणी काढतही नाही.

घोड्यावर संसार लादून मेंढरांमागं हिंडणारा बापाचा वाडा. त्या वाड्यातून ती लग्न होऊन लासुर्ण्याच्या शिवारात आली. नवऱ्याचीही, आबाजीचीही, मेंढरं होती. पुढं कालव्याच्या पाण्यानं रानं भिजली, चराईच्या जागी ऊस उभा राहिला, आणि आबाजीनं म्हातारपणी अर्धा कळप विकला. तो गेल्यावर उरलेला अर्धा लेकानं, ज्ञानेशनं, विकला. त्या जागी त्यानं पॉलीहाऊस उभं केलं. लोखंडी कमानी, वर दुधासारखं पांढरं प्लॅस्टिक. त्यानं दोन हंगाम ढबू मिरची केली, मग चाकणला कंपनीत चिकटला आणि बायकोपोरांना घेऊन गेला. प्लॅस्टिक मागं राहिलं. गोजरबाई मागं राहिली.

रविवारी फोन यायचा.

"आई, बरी हाय ना?"

"हाय की. मला काय धाड भरलीया."

"जेवलीस?"

"व्हय."

"बरं, ठेवू मग?"

ठेव, म्हणायची ती. फोन काळा व्हायचा आणि त्यात तिचंच तोंड दिसायचं. मग ती जात्याशी बसल्यासारखी मांडी घालून, जातं नसताना, दळणाच्या चालीवर गुणगुणायची:

मेंढरं गेली पल्याड, वाडा झाला गं मुका
कुणाला घालू हाक, वारा फिरतोय सुका

अशा घरात संजीवनी आली.

बारामतीच्या संशोधन केंद्राला इंदापूर तालुक्यात एक पॉलीहाऊस हवं होतं, कमी पाण्यात ढबू मिरची कशी येते ते बघायला. ज्ञानेशनं फोनवरच होकार दिला. मग एका सोमवारी डोक्याला ओढणी गुंडाळलेली एक पोरगी स्कूटीवरून उतरली, आणि दारातच म्हणाली, "आजी, आधी प्यायला पाणी द्या, मग कामाचं बोलू."

गोजरबाईला ती तिथंच आवडली.

पोरगी सोमेश्वरनगरची. बाप साखर कारखान्यात होता, आई ती कॉलेजात असताना गेली. बारामतीत एक खोली घेऊन एकटीच राहायची आणि ह्याच अभ्यासावर पीएचडी करायची. सोमवारी यायची, गुरुवारी यायची. फाटलेलं प्लॅस्टिक बदलून झालं, वाफे झाले, ठिबकच्या नळ्या अंथरल्या गेल्या, रोपं लागली. सगळं झाल्यावर तिनं गोजरबाईला दारात उभं करून समजावलं.

"हे बघा आजी, ही पूर्वेकडची बाजू. हिला पोटभर पाणी. आणि ही पश्चिमेकडची, हिला निम्मं. पाणी आपोआप सुटेल, मोबाईलवरून. तुम्ही फक्त सकाळी पडदे वर करायचे, ऊन उतरलं की खाली सोडायचे, आणि तोडलेला माल दोन्हीकडचा वेगवेगळा वजन करायचा."

"आन् पानी कुणी मोजायचं?"

"ते मीटर मोजतंय. नळीतून गेलेला थेंब न् थेंब मोजतंय ते."

"आन् ह्या तारा?"

पश्चिमेकडच्या एका वाफ्यात काळ्या तारा पुरल्या होत्या. मातीतली ओल सांगणाऱ्या. "त्यांना हात लावायचा नाही हं," संजीवनी म्हणाली. "त्या वाफ्यापाशी जायचंच नाही."

गोजरबाईनं मान डोलावली. शब्दाला ती पक्की. त्या वाफ्यापाशी ती कधी गेली नाही.

सोमवार आणि गुरुवार हे आठवड्याचे दोन डोळे झाले. बाकीचे दिवस आंधळे. त्या दोन दिवशी गोजरबाई भाकरी जास्त थापायची, ठेचा कुटायची. पोरगी वाफ्यांतून वाकून-वाकून पानं मोजायची, उंची मापायची, मग ओसरीवर येऊन पाय पसरायची.

"आजी, अजून एक भाकरी द्या."

"एवढीशी तू, आन् खातीस मात्र सासरहून उपाशी आल्यागत."

"सासरी कुणी एवढं घालतं का?"

"म्हून तर म्हणते, जाऊ नगंस."

दोघी हसायच्या. स्कूटी वळणाआड गेली की हसू ओसरीवरच पडून राहायचं. गोजरबाई ताटं उचलायची. मग परत तेच, पत्र्यावर चिमण्यांची नखं, दूर उसाच्या ट्रॅक्टरची गाणी, आणि पुढच्या सोमवारापर्यंत पसरलेलं ऊन.

ऊन वाढलं तशी पश्चिमेकडची रोपं दुपारी मान टाकू लागली.

पहिल्यांदा तिला दिसलं ते असं: पडदा सारखा करायला ती आत गेली, आणि पूर्वेकडची पानं ताठ, पश्चिमेकडची मात्र लोंबलेली, आजारी कोकराच्या कानांसारखी. ती वाफ्यात बसली. एक पान तळहातावर घेतलं. गरम होतं. तापाचं अंग असावं तसं. एका छपराखाली दोन्हीकडची लेकरं, एकाच्या तोंडाशी ओघळ आणि दुसऱ्याच्या तोंडाला थेंब. मुक्याला पाजल्याशिवाय आपण प्यायचं नसतं हे तिच्या हाडात होतं. ती घरात गेली, माठातला तांब्या भरला, आणि एका रोपाच्या बुडाशी ओतला. मग दुसऱ्याच्या.

ह्यात काही चुकतंय असं तिच्या मनातही आलं नाही. नळीतलं पाणी मॅडमचं, ते मीटर मोजतं. माठातलं पाणी आपलं. पंगतीत वाढप्यानं हात आखडता घेतला तर शेजारणीनं आपल्या पानातली चतकोर पुढं सरकवावी, ती काय कुणी मोजतं? तिच्या हिशेबी तपासणी नळीची होती. माया त्यात धरायचीच नव्हती.

तांब्यानं होईना म्हणून घागर आली. घागरीनं कंबर धरली म्हणून घराच्या टाकीला पाईप जोडला. टाकी विहिरीवरून भरायची, विहीर कालव्याच्या पाझरावर; पाण्याला तोटा नव्हता. रोज दुपारी ती पश्चिमेकडच्या वाफ्यांतून पाईप फिरवायची, तारांचा वाफा तेवढा सोडून. सोमवारी-गुरुवारी पोरगी यायच्या आतच उरकून घ्यायची, कारण ती आली की भाकरीची गडबड. बोलायचं असं काही त्यात तिला वाटलं नाही, म्हणून बोलणं झालं नाही.

पाणी पाजताना ती रोपांशी बोलायची. एकाला ढवळी म्हणायची, एकाला लंगडी. "पी गं बाई. हळू. कुणी हिसकावत न्हाय."

तहानेलं माझं रोप, मान टाकून बसलं
सांग माये कुणासंगं, तुझं मन गं रुसलं

आणि पश्चिमेकडच्या मिरच्या भरल्या. हिरव्या, जड, तोंड बघून टिकली लावावी इतक्या चकचकीत.

एका गुरुवारी संजीवनी वजनाचे आकडे मोबाईलमध्ये भरत बसली होती. भरता-भरता थांबली. पुन्हा बघितलं. मग उठून सरळ गोजरबाईच्या गळ्यात पडली.

"आजी! निम्म्या पाण्यात तेवढाच माल! जवळजवळ तेवढाच! कळतंय का तुम्हाला? निम्म्या पाण्यात!"

गोजरबाईच्या अंगाला कुणी असं शेवटचं कधी धरलं होतं, तिला आठवेना. ती नुसती उभी राहिली, ओल्या हातांनी, कुठं ठेवावेत ते न कळून.

"मग झालं की बेस," ती म्हणाली.

"पण एक कळत नाही बघा." संजीवनी तिला हाताला धरून आत घेऊन गेली. पश्चिमेकडच्या त्या एका वाफ्यापाशी बसली. "हा तारांचाच वाफा एवढा खुरटा का? पाणी सगळ्यांना सारखंच आहे ना. ह्याच्या मिरच्या बघा, बोरासारख्या. मला वाटतं तारा पुरताना मुळं दुखावली असतील. तुम्हाला काय वाटतं? तुम्ही रोज असता इथं."

गोजरबाईनं त्या वाफ्याकडं बघितलं. मग शेजारच्या. एक उपाशी, बाकीचे जेवलेले. शाळा न शिकलेल्या माणसालाही कळावं इतकं ते स्वच्छ मांडून ठेवलेलं होतं. मोजायचं ते नळीचं पाणी नव्हतं. मोजायचं होतं ते हेच, की निम्म्यावर रोप जगतं का. आणि ते तिनं कधी कळूच दिलं नव्हतं.

"आजी?"

तोंड उघडलं. शब्द ओठापर्यंत आला.

"केंद्रातले सर म्हणालेत," पोरगी त्याच आनंदात बोलत होती, "हे असंच आलं तर पुढचा हंगामही इथंच करायचा. तुमच्याकडेच. नाहीतर ट्रायल केंद्रातच हलवणार होते, बारामतीला. मी म्हटलं, माझी आजी सोडून मी कुठं जात नाही."

शब्द ओठावरून माघारी गेला.

"मुळंच दुखावली आसतील," गोजरबाई म्हणाली.

त्या दिवसापासून तिची झोप हलकी झाली. आपण काय केलंय ते तिला नीट ठाऊक होतं. बोललं, तर पोरीची सगळी मेहनत मातीत, आणि पोरगी बारामतीला. सोमवार जाणार, गुरुवार जाणार. न बोललं, तर खोटं खरं म्हणून गावोगाव फिरणार. पण गाव तिला दिसत नव्हतं. तिला दिसत होती ओसरी, आणि तिच्यावर कुणीच नाही.

एकदा तिनं पाईप न लावून बघितला. म्हटलं, निदान इथून पुढं तरी खरं होऊ दे. भर दुपारी पॉलीहाऊसकडं पाठ करून लिंबाखाली बसली. आतून आवाज येत नव्हता. मेंढरू निदान बेंबाटतं. रोप नुसतं वाट बघतं. तिनं डोळ्यांवर पदर ओढला. पदराआडूनही ती लोंबलेली पानं दिसत राहिली. शेवटी उठली, स्वतःला शिव्या घालत पाईप जोडला.

उन्हाळा सरत आला तसा केंद्रानं शेतकऱ्यांचा कार्यक्रम ठेवला. आजूबाजूच्या गावांतली माणसं येऊन प्लॉट बघणार, संजीवनी माहिती देणार. मांडव पडला. बावड्याची मंडळी टेम्पोनं आली. गोजरबाईनं चहाचं पातेलं चढवलं. तिच्या अंगणात एवढी माणसं आबाजीच्या तेराव्यानंतर आजच आली होती.

संजीवनी नवी साडी नेसून आली होती. साडी तिला सांभाळता येत नव्हती, पण बोलायला उभी राहिली आणि माणसं गप्प झाली. निम्मं पाणी, जवळजवळ तेवढाच माल. तिनं दोन्हीकडच्या मिरच्या दोन हातांत धरून दाखवल्या.

लासुर्ण्याचे मोहनराव, पोट सांभाळत पुढं बसलेले, म्हणाले, "मॅडम, ह्यात नवल काय? आमची मंडळी मला कवापासून निम्मंच वाढत्यात. तरी बघा, माल कमी हाय का?" आणि पोटावर थाप मारली.

मांडव हसला. मागून एक जण ओरडला, "तात्या, तुमाला बी कुणीतरी चोरून घालत आसंल!"

हसू अजून वाढलं. गोजरबाई चहाचे कप तसेच ठेवून चुलीकडं वळली.

माणसं पांगली तशी एक बाई चुलीपाशी येऊन बसली. तिशीतली, कपाळ मोकळं, पायांत पुरुषाच्या चपला. बावड्याची जयवंता. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, शेडनेट त्यानंच उभं केलं होतं, ते रिकामं होतं.

"आत्या, तुमचीच का ही जागा?"

"व्हय."

"माझ्याकडं एकच बोअर हाय. उन्हाळ्यात धार करंगळीएवढी हुती. दीर म्हणतोय शेड मोडून टाक, लोखंड इकू. मी म्हणते, न्हाय. मॅडम बोलल्या आन् माझ्या जिवात जीव आला बघा. निम्म्या पाण्यावं हुतंय म्हटल्यावं माझ्या धारंवं भागंल." ती थोडी जवळ सरकली. "मॅडम शिकलेल्या हायत्या, त्यांचं खरंच आसंल. पर तुमी बाईमाणूस, रोज बघताय. जगतं ना हो, आत्या?"

गोजरबाईनं चुलीत लाकूड सारलं. ज्वाळेवर नजर ठेवून म्हणाली, "चा घे. गार हुतोय."

"घेते. आज जाताना रोपवाटिकेतच जाते. रोपं सांगून टाकते. दिराचं तोंड बंद हुईल."

जयवंतानं चहा घेतला. तिच्या हातांना भेगा होत्या, बोटांच्या पेरांत माती. एकटीनं रान ओढणाऱ्या बाईचे हात. गोजरबाईला ते रिकामं शेड दिसलं. त्यात उभी ही बाई, हातात करंगळीएवढी धार. भर दुपारी सगळी रोपं एकाच वेळी मान टाकतात, आणि ही वाट बघते, मॅडम म्हणाल्या तसं होईल म्हणून. हिच्या घराच्या टाकीला जोडायला पाणीच नाही.

आता गाव दिसलं. एका बाईच्या रूपानं.

टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला. संजीवनी अंगणात उभी राहून जयवंताला रोपवाटिकेचा नंबर देत होती. दोघींची डोकी मोबाईलवर वाकलेली. गोजरबाई चुलीवरून उठली. अंगण तेवढंच, पण ओलांडता ओलांडेना.

"जयवंता," ती म्हणाली. "रोपं सांगू नगंस."

दोघींनी वर बघितलं.

"का हो आत्या?"

"निम्म्या पाण्यावं न्हाय जगत ती."

"आजी, काय बोलताय?" संजीवनी हसली. हसू अर्ध्यात राहिलं. "आपल्याकडं जगली की. सगळ्यांनी बघितली आत्ता."

"मी पाजलंय त्यान्ला. रोज दुपारी. टाकीला पाईप लावून. तारांच्या वाफ्याला तू जाऊ नगंस म्हणालीस, तिकडं गेले न्हाय. त्याला निम्मंच हाय. त्यो बघ, आन् मग हिला काय सांगायचं ते सांग."

टेम्पोचा हॉर्न पुन्हा वाजला. जयवंता एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिली, मग मोबाईल हळूच कमरेला खोचला. संजीवनी पॉलीहाऊसच्या दाराकडं दोन पावलं गेली, थांबली. तिला आत जायची गरज नव्हती. तो खुरटा वाफा तिला पाठ होता.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. आवाज लहान पोरीसारखा झाला होता. "तिथं वाफ्यात बसून विचारलं होतं. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"पयल्यांदा पाजलं तवा मला कळलंच न्हवतं. तू इचारलंस तवा कळलं."

"मग?"

गोजरबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तू म्हणालीस, न्हाय जमलं तर समदं बारामतीला न्हेणार. म्हून बोलले न्हाय." पुढचं बोलणं ह्या पोरीआधीचं होतं, पाईपाआधीचं, मेंढरं टेम्पोत चढली त्या दिवसाचं. "ज्ञानेशचा फोन येतो, बरी हाय का म्हणतो, मी म्हणते बरी हाय. दर रईवारी म्हणते. मी बरी न्हाय गं पोरी. मला हितं एकटीला करमत न्हाय."